वादीतर्फे देशमाने, प्रतिवादीतर्फे देशमाने

"देशमाने वकील, हा अर्ज तुमचाच ना?"

साखळकर साहेबांनी कागद वर धरला. अण्णा सावकाश उठले, कोट खाली ओढला आणि म्हणाले, "माझाच, साहेब. वादीतर्फे."

"आणि ह्या अर्जावर समोरच्या बाजूनं दिलेला से. वाचतो, ऐका." साहेबांनी घसा साफ केला. "'सदर अर्जातील मजकूर धादांत खोटा, लबाडीचा व कोर्टाची दिशाभूल करण्याच्या हेतूने रचलेला आहे. अर्जदाराच्या वकिलांना दिवाणी कायद्याचे प्राथमिक ज्ञानही नसावे, असे अर्ज वाचून खेदाने म्हणावे लागते.'"

से म्हणजे समोरच्याचं म्हणणं. आमच्या कोर्टात अर्ज पडला की समोरच्या वकिलानं त्यावर से द्यायचा, आणि तो जितका तिखट तितकं अशील खूश. पण इतका तिखट से वडूरच्या कोर्टात कुणी अण्णांविरुद्ध दिला नव्हता. अण्णांचे कान लाल झाले.

"कुणी लिहिलंय हे? साहेब, एकोणपन्नास वर्षं झाली मला ह्या कोर्टात. ज्या कुणा वकिलानं हे लिहिलंय त्याला आत्ताच्या आत्ता समज द्या. मी हे खपवून घेणार नाही!"

"खाली सही आहे ना त्यांची."

"कुणाची?"

"तुमची."

कोर्टात आधी कुणी हसलं नाही. अण्णांनी पुढं जाऊन कागद घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाला लावला. सही त्यांचीच होती. तो गरगरीत 'दे' आणि त्याखाली दोन रेघा अख्ख्या तालुक्याला ठाऊक होत्या.

"साहेब," अण्णा म्हणाले, "तारीख मिळावी."

"कुणातर्फे? वादीतर्फे की प्रतिवादीतर्फे?"

"दोन्हीतर्फे. कुणाचीच हरकत नाही."

मग मात्र पट्टेवाल्यासकट सगळं कोर्ट फुटलं. पिसाळ बंधू तेवढे हसले नाहीत. वादी दौलत आणि प्रतिवादी बापू एकाच बाकावर मांडीला मांडी लावून बसले होते, आणि आपले वकील दोघांच्याही वतीनं बोलले म्हणून दोघंही समाधानी दिसत होते.

मागच्या बाकावर बसून मी मनात म्हणत होते, धरणीमाय, आता पोटात घे. कारण ती सगळी करणी माझी होती. तेव्हा हे कोर्टात कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. मी मंगल लोहार, वडूर तालुक्यातली पहिली बाई वकील. माझी सनद तीन वर्षांची, आणि ती तीन वर्षं मी अण्णांची ज्युनिअर होते. माझा बाप ऐरणीवर घाव घालून म्हातारा झालेला. त्यानं माझ्या नावाची पाटी स्वतः पत्र्यातून कापली होती, रंगवली होती, आणि 'ॲडव्होकेट'मधला 'ॲ' कसा काढतात हे विचारायला मास्तरांकडं चार चकरा मारल्या होत्या. मला ज्युनिअर म्हणून घ्यायला बारमधलं कुणी तयार नव्हतं. "पोरगी आज आहे, उद्या लग्न होऊन जाईल," असं म्हणायचे. अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "टायपिंग येतं?" मी हो म्हटलं. "मग बस त्या खुर्चीत. लग्न झालं तर झालं, खुर्ची काय तुझ्याबरोबर जाते का?"

आता पिसाळांचं सांगते. घर एकच, मधे भिंत घालून दोन केलेलं. धाकट्या बापूनं भिंतीत खिडकी पाडली, ती थेट थोरल्याच्या न्हाणीवर उघडायची. दौलतनं दावा लावला की खिडकी बुजवा. बापूचं म्हणणं, खिडकी आज्ज्याच्या काळापासनं हाय, आम्ही नुसती उघडली. दौलतचे वकील अण्णा. पिसाळांच्या बापाचे वकील अण्णा, आज्ज्याचेही अण्णा. बापूला समन्स आलं तेव्हा तो कुठं जाणार? तो आपल्या घराण्याच्या वकिलांकडंच आला.

नेमके त्याच पंधरा दिवसांत आमचे कारकून दगडूमामा लेकीकडं पुण्याला गेले होते. तिथंच राहिले पुढं, परत आलेच नाहीत. ऑफिसात मी एकटी. बापू समोर बसून म्हणाला, "पिसाळांचा दावा हाय, खिडकीचा. आण्णास्नी वकील द्यायचं हाय." मला दावा माहीत होता, फाईल माहीत होती. वाटलं, दौलतबरोबर भाऊसुद्धा वादी म्हणून यायचा राहिला असेल, आता येतोय. 'विरुद्ध' कोण हे बघायचं मी विसरले. वकीलपत्राचा छापील फॉर्म हातानं भरला, बापूचा अंगठा घेतला, आणि संध्याकाळी अण्णा लग्नाला निघाले असताना दहा कागदांत सारून पुढं केला. अण्णांनी दहा सह्या ठोकल्या आणि म्हणाले, "जिलबी संपायच्या आत पोचायला पाहिजे." कोर्टात नाझरनंही तो फॉर्म न बघता फाईलला लावला.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण मग आम्हीच वादीतर्फे खिडकी तात्पुरती बंद ठेवायचा अर्ज दिला. बेलिफानं त्याची प्रत 'प्रतिवादीच्या वकिलांना' म्हणून आमच्याच टेबलावर आणून ठेवली. अण्णा जेवायला निघालेले. म्हणाले, "मंगल, कुणाचा तरी अर्ज आलाय बघ. से टाईप कर. जोरदार पाहिजे हां, मुळमुळीत नको." मी जोरदार केला. अर्ज अण्णांनी सांगून दगडूमामांनी पुण्याला जायच्या आधीच टाईप केलेला, मी तो तोवर बघितला नव्हता. प्रतिवादीचं नाव पिसाळ असं दिसलं, अर्जाखालची सही मी बघितलीच नाही, आणि पिसाळ आपलेच, म्हणून त्यांच्या बाजूनं से लिहिला. अण्णांनी त्यावरही न वाचताच सही ठोकली. माझ्या तीन वर्षांच्या वकिलीतला तो सगळ्यात झकास से होता, हे आजही सांगते.

साहेबांनी अण्णांना चेंबरमध्ये बोलावलं, बरोबर बार असोसिएशनचे अध्यक्ष मुजावर वकील. मी दाराशी उभी. साखळकर साहेब तिशीचे, नुकते आलेले, स्वभावानं सरळ. म्हणाले, "एकाच दाव्यात दोन्ही बाजूंचं वकीलपत्र म्हणजे गैरवर्तणूक होते. हे भर कोर्टात उघड झालंय. मला बार कौन्सिलला लिहावं लागेल. लिहिलं की चौकशी होईल, आणि चौकशीत सनद जाऊ शकते."

मुजावर म्हणाले, "साहेब, अण्णांचं वय शहात्तर. यांनी आपण होऊन सनद स्थगित करून घेतली, संमतीनं, आणि तशी पुरसीस इथं दिली तर? चार ओळी लिहून द्यायच्या की, वयोमानानुसार विस्मरण होतं, स्वखुशीनं वकिली थांबवत आहे. पिसाळांची तक्रार नाही. मग चौकशी कशाला?"

साहेबांना ते पटलं. आठ दिवसांची मुदत दिली.

अण्णांना ते मुळीच पटलं नाही. सात महिन्यांनी त्यांच्या वकिलीला पन्नास वर्षं पुरी होणार होती. बारनं सत्काराची वर्गणी सुरू केली होती, शालीचा रंग ठरला होता, आणि भाषणात आपण काय बोलणार याचे मुद्दे अण्णांनी मला दोनदा टाईप करायला लावले होते. पन्नास हा आकडा त्यांच्या डोक्यात देवाच्या मूर्तीसारखा बसला होता. एकोणपन्नासावर थांबणं म्हणजे हळद लागल्यावर वरात परत फिरवणं, असं ते म्हणायचे.

"विस्मरण?" बाररूममध्ये त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "मुजावर, तुम्ही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आहात असं समजा. मला विस्मरण होतं असं तुम्ही म्हणता?"

"अण्णा, मी नाही, पुरसीस म्हणते."

"हो किंवा नाही एवढंच सांगा! अडुसष्ट साली तुमच्या पहिल्या केसमध्ये तुम्ही कोणत्या रंगाचा टाय घातला होता?"

"मला कसं आठवणार?"

"मरून! पांढऱ्या बँडऐवजी मरून टाय घालून आला होता, जज्जनी बाहेर काढलं, माझा बँड काढून मी तुम्हाला दिला. आठवतंय मला! आता सांगा, विस्मरण कुणाला होतं? सनद तुम्ही स्थगित करा!"

बाररूम हसून लोळली. मुजावर पण हसले. मी कोपऱ्यात बसून हसायचं नाटक केलं.

त्या आठ दिवसांत मी दोनदा खरं सांगायचा प्रयत्न केला. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "अण्णा, ते बापूचं वकीलपत्र..." तर म्हणाले, "दगडूचा घोळ! त्याला मी सत्तर वेळा सांगितलं होतं, आधी विरुद्ध कोण ते बघ. घे, डिक्टेशन घे." आणि चौदा पानांचा जबाब सांगायला लागले. जबाबाचा गाभा एवढाच, की चूक कारकुनी आहे, वकिलानं विश्वासानं सही केली, सबब गैरवर्तणूक होत नाही. दगडूमामा पुण्यात नातवंडं खेळवत बसलेले, त्यांचं काय बिघडणार होतं? मी टाईप करत राहिले. चौदा पानं मी माझ्या हातानं दगडूमामांच्या माथी मारली. सांगायला लाज वाटते, पण तसं झालं खरं.

दुसरा प्रयत्न अण्णांच्या घरी केला. मुजावरांनी माझ्याकडं सनद स्थगितीचा फॉर्म दिला होता, "तू सही घेऊन ये, तुझं ऐकतील." दुपारचे दोन वाजले होते. अण्णांच्या पत्नी, आमच्या काकू, ओट्यावर शेंगा फोडत होत्या, अण्णा झोपाळ्यावर. मी फॉर्म काढला तसा काकूंनीच तो हिसकून घेतला.

"हे काय गं?"

"काकू, अण्णांनी कोर्टातनं निवृत्त व्हायचा..."

"आणि दिवसभर बसायचं कुठं?"

"घरीच की."

काकूंनी शेंगांचं सूप खाली ठेवलं. "मंगल, बाळ, पाच दिवाळीच्या सुट्ट्या आठवतात मला, हे घरी होते तेव्हाच्या. एका सुट्टीत ह्यांनी माझ्या डब्यांवर नंबर घातले. एका सुट्टीत भांडेवालीची उलटतपासणी घेतली, ती गेली ती गेलीच. मागच्या मे महिन्यात मी आमटीत गूळ जास्त घातला, तर म्हणाले, 'हे हेतुपुरस्सर होतं की निष्काळजीपणानं?'"

"तू उत्तर अजून दिलेलं नाहीस," अण्णा झोपाळ्यावरून म्हणाले.

"बघ! सनद न्यायची तर न्या बाई, पण माणूस कोर्टातच ठेवून घ्या. अकरा ते साडेपाच. तसं लिहून दे मला."

मी काय लिहून देणार होते? मी म्हटलं, "अण्णा, तो फॉर्म भरला कुणी, वकीलपत्राचा, ते मला..."

"मंगल," अण्णा झोपाळा थांबवून म्हणाले, "तू काळजी करू नको. केस आपली मजबूत आहे. मी एकोणपन्नास वर्षांत माझ्या स्वतःच्या वतीनं एकदाही उभा राहिलो नाही. बघ कशी लढतो."

मग काकूंनी माझ्यापुढं शेंगांची वाटी ठेवली, आणि मी खाली मान घालून शेंगा खाल्ल्या. माझ्या बापाची पाटी डोळ्यांसमोर येत होती. चौकशी माझ्यावर आली तर तीन वर्षांची सनद काय टिकते? 'बाई वकील ठेवली की असंच होतं,' हे वाक्य तर वडूरमध्ये आधीच तयार होतं, म्हणायला निमित्त तेवढं हवं होतं.

नवव्या दिवशी कोर्ट भरलं. बार झाडून हजर होता. पिसाळ बंधू त्याच बाकावर.

साहेबांनी आधी त्यांना विचारलं, "वकिलांबद्दल तुमची काही तक्रार आहे?"

दौलत उठला. "वकिलाबद्दल? न्हाई बा. तक्रार खिडकीबद्दल हाय."

"अहो, पण तुमचेच वकील तुमच्या भावाचेही वकील होते."

"मग? आण्णा आमच्या घरचं हायती. वडलांनी सांगितल्यालं, काय बी झालं तरी आण्णास्नी सोडू नगा."

"मला बी त्येच सांगितल्यालं," बापू म्हणाला. "आन् सायेब, मी खरं सांगू? त्यो से मला लई आवडला."

साहेबांनी कपाळ चोळलं. मग अण्णांकडं वळले. अण्णांनी पुरसीस दिली नव्हती. चौदा पानांचा जबाब दिला होता, आणि आता पन्नास वर्षांच्या तयारीनं उभे होते.

काय बोलले त्या दिवशी! आवाज कोर्टाच्या कौलांना लागत होता. "साहेब, वकील म्हणजे काय दहा हातांचा देव आहे? तो विश्वासावर सही करतो. सर्जन टाके घालताना दोरा स्वतः वळतो का? फॉर्म ज्यानं भरला, त्यानं विरुद्ध कोण हे बघायला हवं होतं. जबाबदारी त्याची. माझी सही केवळ औपचारिक!" मागं वकील माना डोलवत होते. मुजावर माझ्या कानात म्हणाले, "म्हातारा सुटला बघ."

साहेबांनी शांतपणे फाईल उघडली. "म्हणजे तुमचा बचाव असा, की फॉर्म भरणाऱ्याची चूक."

"शंभर टक्के."

"आणि तो दगडू कारकुनानं भरला."

"दुसरं कोण भरणार?"

"मी दगडू कारकुनानं भरलेली दुसरी वकीलपत्रं काढून बघितली, देशमाने वकील. अक्षर जुळत नाही. शिवाय ह्यावरची तारीख बघा. त्या तारखेला ते गावात नव्हते, असं नाझर सांगतात." साहेबांनी कागद पुढं केला. "तुमचा बचाव मी मान्य करायला तयार आहे. फक्त हे अक्षर कुणाचं आहे तेवढं सांगा. म्हणजे मला त्या व्यक्तीबद्दल लिहिता येईल."

अण्णांनी कागद घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

माझ्या अक्षरात 'श'चं पोट मोठं येतं. तीन वर्षं ते मला त्यावरनं चिडवायचे, "मंगल, तुझा 'श' गरोदर आहे." वकीलपत्रात 'पिसाळ, धंदा शेती' असं मी स्वतः लिहिलं होतं.

अण्णांनी कागदाकडं पाहिलं. मी उठले. "साहेब, मला थोडं..."

"हरकत!"

अण्णांनी मागं वळूनही न बघता हात वर केला होता.

"साहेब, सिनिअर उभा असताना ज्युनिअर उभी राहते, हे ह्या बारच्या रिवाजात बसत नाही. खाली बस, मंगल."

"अण्णा, पण..."

"खाली बस म्हटलं ना!"

असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी मटकन बसले.

"हे अक्षर माझं आहे, साहेब," अण्णा म्हणाले.

"तुमचं?" साहेबांनी कागद परत घेतला. "सहीचं आणि मजकुराचं वळण अगदी वेगळं दिसतंय."

"सही घाईत केलेली, मजकूर बसून लिहिलेला. वय झालं की माणसाची दोन अक्षरं होतात, साहेब. तुम्हाला अजून वेळ आहे."

"आणि मग हा चौदा पानांचा जबाब? ह्यात तुम्ही म्हणता की फॉर्म कारकुनानं भरला."

अण्णांनी जबाब उचलला, चाळला, तोंड वाकडं केलं. "हा मी दिला?"

"आत्ता अर्धा तास ह्याच्यावर बोललात."

"बघा! हाच पुरावा. अर्ध्या तासापूर्वीचं मला आठवत नाही. आणि साहेब, जबाब अगदीच कच्चा आहे. 'सही केवळ औपचारिक' म्हणे! दिवाणी प्रक्रिया संहिता, ऑर्डर तीन, रूल चार बघा. वकीलपत्र स्वीकारल्याशिवाय वकिलाला उभं राहता येत नाही, आणि स्वीकारतो तो सहीनं. सही करणाऱ्यानं वाचायला हवं. न वाचता सही केली तर जबाबदार तो, भरणारा नव्हे. हा जबाब टिकायचा नाही, साहेब. मी ह्याला सक्त विरोध करतो."

"तुम्हीच दिलेल्या जबाबाला?"

"विरुद्ध बाजूतर्फे."

कोर्टात पुन्हा हशा पिकला. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "देशमाने वकील, ज्याला ऑर्डर आणि रूल पुस्तकाशिवाय तोंडपाठ आहेत, त्याला विस्मरण होतं असं मी कसं मानू?"

"जुनं पाठ आहे, साहेब. नवीन काही राहत नाही. परवा बायकोनं विचारलं, आमटीत गूळ किती? सांगता आलं नाही. त्याच्या आदल्या दिवशी छत्री घेऊन निघालो, तर ती झाडू होती." झाडूचं काहीच झालं नव्हतं, मी शपथेवर सांगते. "रस्त्यात मुजावरांना मी दोनदा नाना म्हणून हाक मारली. मुजावर, मारली की नाही?"

मुजावरांना काहीच कळत नव्हतं, पण तीस वर्षांचे मित्र होते. "मारली," ते म्हणाले. "तीनदा."

"दोनदा," अण्णा म्हणाले, आणि लगेच, "किंवा तीनदा. आठवत नाही."

एकोणपन्नास वर्षांत वडूरच्या कोर्टात इतका कसलेला युक्तिवाद झाला नव्हता. आपण निकामी आहोत हे त्या माणसानं मुद्दे घालून, पोटमुद्दे घालून, साक्षीपुराव्यानिशी सिद्ध केलं. आणि जसजसं ते सिद्ध होत गेलं, तसतसं हसणं कमी होत गेलं. मी पदराचा बोळा तोंडात धरला होता.

अखेरीस त्यांनी मुजावरांकडं हात केला. मुजावरांनी खिशातनं पुरसीस आणि फॉर्म काढला. अण्णांनी दोन्ही कागद वाचले. पहिल्या ओळीपासनं शेवटपर्यंत, ओठ हलवत, अख्खं कोर्ट थांबवून वाचले. मग दोन्हींवर सह्या केल्या.

साखळकर साहेबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा अण्णांकडं. हुशार माणूस. फाईलमधनं ते वकीलपत्र काढून त्यांनी उलटं करून ठेवलं. मग तडजोडीच्या वेळी विचारतात तो नेहमीचा प्रश्न विचारला, "ही संमती तुम्ही स्वखुशीनं देताय ना? कुणाचा दबाव नाही?"

अण्णा म्हणाले, "साहेब, हा प्रश्न मी ह्या कोर्टात हजारदा ऐकला. खाली मान घालून सगळे म्हणतात, स्वखुशीनं. मी त्यांच्या शेजारी उभा असायचो, आणि मला ठाऊक असायचं की खोटं बोलताहेत." मान वर करून ते म्हणाले, "मी स्वखुशीनं देतोय."

साहेबांनी हुकूम सांगितला, स्टेनोनं लिहून घेतला. 'वकील श्री. देशमाने यांना वयोमानानुसार विस्मरण होत असल्याचे कोर्टाच्या निदर्शनास आले. त्यांनी संमतीने वकिली स्थगित केली आहे. बार कौन्सिलला कळवण्याची आवश्यकता नाही.' दोघा पिसाळांना नवीन वकील देण्यासाठी महिन्याची तारीख पडली. मी मुजावरांना सांगितलेली काकूंची अट बारनं तिथल्या तिथं मान्य केली, बाररूममधली खुर्ची अण्णांची, अकरा ते साडेपाच, तहहयात.

मी अण्णांना कोर्टाच्या पायऱ्यांवर गाठलं. ते बँड काढून खिशात कोंबत होते. गळा एकदम उघडा दिसत होता, कोंबडीच्या मानेसारखा बारीक. मला रडू आवरेना.

"अण्णा, चूक माझी होती. तो फॉर्म मी भरला. से पण मीच लिहिला. तुमचे सात महिने... तुमचा सत्कार..."

अण्णांनी माझ्याकडं नवलानं बघितलं.

"कसला फॉर्म?"

"बापूचं वकीलपत्र! तुम्ही अक्षर ओळखलंत, मी बघितलं तुम्हाला."

"मला काही आठवत नाही, मंगल."

"अण्णा, खोटं बोलू नका!"

"खोटं कसं? आत्ताच कोर्टानं तसा निष्कर्ष काढलाय. मला विस्मरण होतं. तुला मान्य नसेल तर जिल्हा कोर्टात अपील कर." पायरी उतरता उतरता ते म्हणाले, "मुदत तीस दिवसांची."

मी अपील केलं नाही. पहिल्या दिवशी केलं नाही, तिसाव्या दिवशी केलं नाही. मग ते आणखी अकरा वर्षं बाररूममध्ये समोर बसून माझ्या पोरी-पोरांसारख्या ज्युनिअरांना से लिहायला शिकवत होते, तेव्हाही केलं नाही. आज माझ्या वकिलीला तीस वर्षं होताहेत, बार सत्कार करणार म्हणते, आणि भाषणात पहिल्यांदा काय बोलायचं ते मी लिहायला बसले ते हे असं झालं.

अपिलाला सत्तावीस वर्षांचा उशीर झालाय. उशीर माफ व्हावा, असं म्हणायचीही मला लाज वाटते. पण अक्षर माझं होतं.